ट्यूनर कार्डांची नावं पक्की करायला मॉडप्रोब की युडेव्ह?

लिनक्सवर टीव्ही पकडणारी दोन ट्यूनर कार्डं असली की रीबूटनंतर त्यांच्या क्रमांकांची, म्हणजे अ‍ॅडॉप्टर ० आणि १ यांची, अदलाबदल होऊ शकते, आणि रेकॉर्डिंग भलत्याच कार्डावर जातं.

मेहनत मॉडप्रोबमध्ये (ड्रायव्हर लोड करणारं साधन) कमी. ड्रायव्हरच्या पर्यायात अ‍ॅडॉप्टर क्रमांक लिहायचा, झालं. पण तो क्रमांक ड्रायव्हरला मिळतो, विशिष्ट कार्डाला नाही. एकाच ड्रायव्हरची दोन कार्डं असतील तर आपसातला क्रम सिस्टिमला कार्डं सापडण्याच्या क्रमावरच राहतो.

युडेव्ह (जोडलेली उपकरणं आपण लिहिलेल्या नियमांनुसार हाताळणारा लिनक्सचा भाग) नेमकं कार्ड ओळखतो: पीसीआय स्लॉटवरून (मदरबोर्डवरची कार्डाची खाच), किंवा यूएसबी असेल तर सिरियल नंबरवरून (सगळ्यांना तो वेगळा असतोच असं नाही). मूळ नाव मात्र बदलत नाही, फक्त सिमलिंक (त्याच उपकरणाकडे नेणारं जादा नाव) जोडतो. प्रोग्रामला क्रमांकच हवा असेल तर सिमलिंकला अ‍ॅडॉप्टर १० असं, आधीच्या क्रमांकांशी न आदळणारं नाव द्या. स्लॉट बदलला की नियमही बदला.

ड्रायव्हर वेगवेगळे असतील तर मॉडप्रोब पुरे. जुळी कार्डं असतील तर मी युडेव्हच घेईन.