संगीतासाठी जेनोव्हा की नेपल्स?

इटलीच्या सहलीत हाताशी दोन-तीन दिवस मोकळे असतील आणि गाण्याची ओढ असेल, तर ही दोन बंदरं डोळ्यांसमोर येतात. मिलानहून रेल्वेने जेनोव्हा साधारण दीड-दोन तासांवर, रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तासावर. त्यामुळे निर्णय अंतरावरून नव्हे, तुम्हाला काय ऐकायचंय त्यावरून करा.

ऑपेरासाठीच जात असाल तर नेपल्स. तिथलं सान कार्लो नाट्यगृह १७३७ सालचं, मिलानच्या ला स्कालापेक्षा ४१ वर्षांनी जुनं. १८१६ मध्ये आगीत जळालं, ते वर्षभराच्या आत पुन्हा उभं केलं. संगीतकार रोसिनीने इथल्या संगीताची धुरा वाहिली, दोनिझेत्तीचा ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ हा ऑपेरा १८३५ मध्ये इथेच पहिल्यांदा रंगला. जेनोव्हाचं कार्लो फेलिचे १८२८ चं, पण दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालं आणि थेट १९९१ मध्ये नव्या रूपात सुरू झालं. प्रेक्षागृहाच्या भिंती घरांच्या दर्शनी बाजूंसारख्या केल्या आहेत, खिडक्या-बाल्कन्यांसकट. मला ती कल्पना आवडते, पण सान कार्लोच्या लाल-सोनेरी थाटापुढे ती फिकी पडते.

नेपल्समध्ये गाणं शोधावं लागत नाही. ‘ओ सोले मियो’ १८९८ चं, शब्द नेपल्सच्या बोलीतले. जगभर पोहोचलेला ऑपेरा गायक कारुझो इथलाच. सान पिएत्रो आ मायेल्ला या संगीत विद्यालयाजवळच्या सान सेबास्तियानो गल्लीत वाद्यांची दुकानं आहेत. या विद्यालयाची मुळं चार जुन्या अनाथाश्रमांत आहेत. तिथल्या पोरक्या मुलांना संगीत शिकवलं जाई आणि त्यातूनच नेपल्सने युरोपभर गायक-संगीतकार पाठवले.

जेनोव्हाचं वेगळेपण मात्र मला जास्त मोलाचं वाटतं, आणि ते गोदीतून आलंय. ‘त्रालालेरो’ हा तिथल्या गोदी कामगारांनी जपलेला समूहगायनाचा प्रकार. पुरुष गोल करून, एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात. वाद्य एकही नाही. एकजण कृत्रिम बारीक आवाजात वरची पट्टी धरतो, खाली खर्जाचे आवाज भिंतीसारखे उभे असतात, आणि एकजण तोंडापुढे हात धरून गिटारची नक्कल करतो. पहिल्यांदा ऐकताना खरी गिटार कुठे आहे म्हणून मान वळतेच. अमेरिकी लोकसंगीत संग्राहक ॲलन लोमॅक्सने १९५४ मध्ये इथे येऊन त्याची ध्वनिमुद्रणं केली. हे रोज कुठे ऐकायला मिळत नाही. निघण्यापूर्वी कार्यक्रम शोधून ठेवा, नाहीतर हळहळत परताल.

व्हायोलिन शिकत असाल, किंवा घरात कुणी शिकत असेल, तर जेनोव्हाच गाठा. थोर व्हायोलिनवादक पागानिनी १७८२ मध्ये इथे जन्मला. ग्वार्नेरीने १७४३ मध्ये घडवलेलं त्याचं व्हायोलिन, आवाजाच्या दणक्यामुळे ‘कॅनोने’ म्हणजे तोफ म्हटलं गेलेलं, त्याने मृत्युपत्रात शहराला दिलं. गारिबाल्दी रस्त्यावरच्या तुर्सी वाड्यात ते काचेआड आहे. पागानिनीच्या नावाची व्हायोलिन स्पर्धा १९५४ पासून चालते. विजेत्याला ते वाजवायला देण्याची प्रथा आहे.

आणि बोलीत लिहिलेली आधुनिक गाणी हवी असतील तर गायक-गीतकार फाब्रित्सिओ दे आंद्रेचा १९८४ चा ‘क्रेउझा दे मा’ हा अल्बम जाण्याआधी ऐका: जेनोव्हाची बोली, ऊद आणि बुझुकी ही तंतुवाद्यं, सगळं भूमध्य समुद्राच्या काठाचं. ते ऐकून पाय जेनोव्हाकडे वळले, तर सान कार्लोचं तिकीट पुढच्या वेळेसाठी ठेवायला हरकत नाही.