रिजनरेटिव्ह शेतीत मोठं भांडवल आणायचा कोर्स: एक्सेलसाठी घ्या, बाकी ठीकठाक

रिजनरेटिव्ह शेतीच्या, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीच्या प्रोजेक्टला मोठे इन्व्हेस्टर कसे मिळवायचे यावरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. नाव लिहीत नाही, कारण नावं ठेवणार आहे आणि तसंही असे कोर्स हल्ली ढीगभर निघालेत.

सुरुवातीचे व्हिडिओ बिनधास्त पळवा. नांगरट कमी करा, जमीन उघडी ठेवू नका, कव्हर क्रॉप (मुख्य पीक नसताना जमीन झाकून ठेवणारं पीक) घ्या, पिकांची फेरपालट करा, जनावरं शेतात आणा... हा कोर्स घेणाऱ्याला हे आधीच माहीत असतं हो! मग मोठ्या कंपन्यांच्या घोषणा, जनरल मिल्स या अमेरिकन अन्न कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलेलं २०३० पर्यंत १० लाख एकरांवर अशी शेती आणायचं टार्गेट वगैरे. ऐकायला छान आहे, पण पेन्शन फंडवाल्याला त्याचं काय? त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की पैसे परत कधी येणार, कुठून येणार आणि बुडालेच तर आधी कोणाचे बुडणार.

यावरचा जो भाग आहे ना, तो मात्र एक नंबर. लहान सौदा असो की मोठा, वकील, ऑडिट, तपासणी याचा खर्च जवळपास तेवढाच येतो, म्हणून मोठा फंड छोट्या प्रोजेक्टकडे ढुंकूनही बघत नाही आणि आपण मात्र प्रेझेंटेशनचे रंग बदलत बसतो. त्यापेक्षा बऱ्याच शेतांची एकत्र मोट बांधा, माल घेणाऱ्या कंपनीशी आधीच काही वर्षांचा खरेदी करार करा आणि पहिला तोटा सोसायला सरकारी किंवा देणगीचा पैसा खालच्या थरात ठेवा, म्हणजे वरच्या थरातला खाजगी पैसा जरा निवांत येतो. उदाहरण दिलंय २०१७ मध्ये सुरू झालेल्या लँड डिग्रेडेशन न्यूट्रॅलिटी फंडाचं (जमिनीची नासाडी रोखणाऱ्या प्रोजेक्टमध्ये पैसे घालणारा फंड), मिरोव्हा ही गुंतवणूक कंपनी चालवते तो. कोणता थर कोणाचा, कोण आधी मार खाणार, हे इतकं सोपं करून सांगितलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलं नव्हतं.

सोबत मिळणारं एक्सेल मॉडेल पण भारी आहे, फक्त डोळे झाकून वापरू नका. पहिल्या वर्षांत उत्पन्न किती घटेल त्या सेलमध्ये चक्क शून्य भरून ठेवलंय!! जुन्या पद्धतीकडून या शेतीकडे बदल करताना पहिली तीन ते पाच वर्षं उत्पन्न खाली जाऊ शकतं, हीच तर या धंद्यातली मोठी अडचण. तिथे थोडीशी घट टाकली की परताव्याचा आकडा धाडकन खाली येतो आणि मग लक्षात येतं की साधारण १० वर्षं मुदतीच्या फंडाला हे गणित का जड जातं, निम्मा वेळ तर जमीन सावरण्यातच गेला.

कार्बन क्रेडिटचा, म्हणजे मातीत साठवलेला कार्बन मोजून तो विकण्याचा भाग तर अगदीच गुळमुळीत. व्हेरा या क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या व्हीएम००४२ या मोजणीच्या पद्धतीचं नाव घेतात, मातीचा नमुना वरच्या ३० सेंटीमीटरचा घ्या म्हणतात आणि पुढे जातात. पण नांगरट थांबली की माती दाबली जाऊ शकते, म्हणजे त्याच ३० सेंटीमीटरमध्ये आधीपेक्षा जास्त माती बसते आणि कार्बन न वाढताच वाढलेला दिसतो. म्हणून मातीची घनता मोजून तेवढ्याच वजनाच्या मातीची तुलना करावी लागते. इन्व्हेस्टरचा टेक्निकल माणूस नेमकं हेच विचारतो आणि यांच्या मॉडेलमध्ये घनतेचा कॉलमच नाही. पुन्हा एवढं करून साठलेला कार्बन पुढे एखाद्याने परत नांगरट केली की उडणारच, ती जोखीम कोणाच्या गळ्यात? त्यावर चकार शब्द नाही.

आणि शेतकरी? तो या कोर्समध्ये फक्त स्लाइडवरच्या फोटोत आहे. घटीची वर्षं त्याने कशावर काढायची, करार मोडला तर काय, काही नाही. जमीन एकेक वर्षाच्या भाड्यावर कसणारा माणूस पाच वर्षांनी सुधारणाऱ्या मातीवर आज पैसे कशाला घालेल? प्रश्नोत्तरांच्या सेशनमध्ये हेच विचारलं तर "चांगला मुद्दा आहे" म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

ज्यांच्याकडे शेतकऱ्यांचा गट तयार आहे आणि फंडाशी बोलणी सुरू व्हायचीत त्यांनी घ्यायला हरकत नाही, एकट्या शेतासाठी भांडवल शोधत असाल तर राहू द्या. घेतलाच तर एक्सेल पहिल्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा, कोर्सची मुदत संपली की लॉगिन बंद होतं.