सिमवाला की कार्डवाला? हरणांच्या मागावर लावायचा ट्रेल कॅमेरा

पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीचा. त्याच्या दोन-तीन महिने आधीपासून व्हाइटटेल हरणांच्या मागावर असलेल्यांची ट्रेल कॅमेऱ्यांची, म्हणजे झाडाला बांधून ठेवायच्या आणि समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची, खरेदी सुरू होते. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या बाजूला राहणारी, ऑफिसातल्या कुणाच्या नादाने शिकारीकडे वळलेली आपली मंडळीही त्यात असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: फोनवर फोटो पाठवणारा सेल्युलर कॅमेरा घ्यावा, की फोटो मेमरी कार्डावर साठवणारा नेहमीचा कार्डवाला पुरे?

दुकानदार मेगापिक्सेल ऐकवतो. मी आधी दोन गोष्टी विचारतो. रान घरापासून किती लांब आहे? आणि ज्या झाडाला कॅमेरा बांधायचाय त्या झाडापाशी रेंज येते का? या दोन उत्तरांत निम्म्याहून जास्त निर्णय होऊन जातो.

कारण फोटो काढण्यापुरते दोन्ही कॅमेरे सारखेच. समोरून उबदार अंग हललं की उष्णता हेरणारा पीआयआर सेन्सर जागा होतो, अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो निघतो, रात्र असेल तर इन्फ्रारेड दिवे लागतात. जुलैच्या भर दुपारी हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा सेन्सर दोन्हींचाही फसतो. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला-पश्चिमेला ठेवलं तर उगवतीच्या-मावळतीच्या उन्हात फोटो दोन्हींचेही पांढरे पडतात. म्हणून उत्तरेकडे तोंड. फरक पडतो तो पुढे. एकातला फोटो तुम्ही जाऊन आणेपर्यंत कार्डावर बसून राहतो, दुसरा मोबाइलच्या एलटीई नेटवर्कवरून निघून तुमच्या खिशात येतो.

अडीचशे मैलांचा हिशेब

चांगला कार्डवाला कॅमेरा चाळीस ते शंभर डॉलरमध्ये मिळतो. सेल्युलर साधारण ऐंशी ते दीडशे, आणि वर दरमहा प्लॅन. स्पायपॉइंट या कॅमेरा कंपनीचा महिना शंभर फोटोंचा फुकट प्लॅनही आहे. टॅक्टाकॅम, मोल्ट्री वगैरे कंपन्यांचे प्लॅन पाच डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि जास्त फोटो हवे असतील तर पंधराच्या घरात जातात. नुसत्या या आकड्यांकडे पाहिलं तर कार्डवालाच स्वस्त.

पण समजा, घर न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे आणि रान उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत. जाऊन-येऊन जवळपास पाचशे मैल. गॅलनला पंचवीस मैल देणारी गाडी वीस गॅलन पेट्रोल पिते, म्हणजे साठ-सत्तर डॉलर, टोल वेगळा. पाच डॉलरचा प्लॅन वर्षभर घेतला तर साठ डॉलर. थोडक्यात, कार्ड आणायला मारलेली एक फेरी वाचली की प्लॅनचं वर्ष फिटलं. शिवाय शनिवार गेला तो गेलाच.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तुमचा वास. हरीण नाकावर जगतं. कार्ड बदलायला तुम्ही पायवाटेवरून गेलात, झाडाला हात लावलात, बूट ओल्या गवतातून ओढलेत, की मागे निशाणी राहिली. माद्या आणि पाडसं ती बऱ्याचदा मनावर घेत नाहीत. चार-पाच वर्षांचा मुरलेला नर घेतो. तो रान सोडून जात नाही, फक्त त्या वाटेवर अंधार पडल्याशिवाय येईनासा होतो, आणि कायद्याने मिळणाऱ्या वेळेत तुम्हाला दिसत नाही. त्यामुळे ऐन झोपायच्या जागेजवळ, दाट झुडपांत कॅमेरा लावायचा असेल तर तो सेल्युलरच असावा, नाहीतर लावूच नये.

उन्हाळ्यात त्यात गोचिडांची भर. गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाच्या रुग्णांत पेनसिल्व्हेनिया देशातल्या वरच्या राज्यांत येतं. मे ते जुलै या काळात खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं गवताच्या पात्यावर वाट बघत असतात. जेवढ्या फेऱ्या कमी, तेवढं घरी येऊन कपडे झटकणं कमी.

आता याची दुसरी बाजू. रान घरामागे असेल, किंवा वीस मिनिटांवरच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे असेल, तर मी सेल्युलर घ्यायला सांगणार नाही. मका किंवा सोयाबीनच्या बांधावरची हरणं ट्रॅक्टरला, माणसाला सरावलेली असतात. कॅमेरा बांधाच्या कडेला लावा, दुपारी वाऱ्याची दिशा बघून जा, कार्ड बदला, परत या. आणि त्या चालण्यात जे दिसतं ते फोटोत कधीच दिसत नाही: कुठल्या ओकचे एकॉर्न (त्याची फळं) पडायला लागलेत, शिंगं घासून साल सोललेलं झाड कुठे आहे, नराने पुढच्या पायाने माती कुठे उकरलीय, लेंड्या ताज्या आहेत का. सेल्युलर कॅमेरे घेतलेली माणसं हळूहळू रानात फिरायचीच बंद होतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. नवख्याने तर पहिलं वर्ष कार्डवाल्यावरच काढावं.

रेंज नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही

पॉटर काउंटीचंच पाहा. तिथलं चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्क आकाशदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. आकाशगंगा बघायला न्यू जर्सीहून आपली माणसंही जातात. आकाश एवढं काळं आहे, कारण आसपास वस्तीच फारशी नाही. आणि वस्ती नाही तिथे टॉवरही विरळ. डोंगराच्या माथ्यावर दोन दांड्या येतात, खालच्या ओढ्यात शून्य. हरणं नेमकी ओढ्याने फिरतात.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी त्या झाडापाशी फोन घेऊन उभं राहा. घरच्यांपैकी कुणाचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं असेल तर तोही फोन न्या. काही मॉडेलं फक्त व्हेरायझनची किंवा फक्त एटी अँड टीची येतात. नवी बरीच मॉडेलं ज्याची रेंज चांगली ते नेटवर्क स्वतः निवडतात. थोडे पैसे जास्त पडले तरी दुसऱ्या प्रकारचंच घ्या. रेंज कशीबशी असेल तर फोटो जातात खरे, पण टॉवर शोधण्यात आणि जोर लावून पाठवण्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

जुना सेल्युलर कॅमेरा स्वस्तात विकायला दिसला तर तो थ्रीजी नाही ना, हे बघा. २०२२ साली अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी नेटवर्क बंद केली. त्या कॅमेऱ्यांचा आता कार्डवाला म्हणून उपयोग होईल, फोटो पाठवायला नाही. कार्डवाल्याला हे दुखणं नाही. दहा वर्षांपूर्वीचा आजही तसाच चालतो.

रेंज माथ्यावर आहे आणि हरणं खाली, अशा रानासाठी एक मधला मार्ग आहे. कडबॅक कंपनीच्या कडलिंक पद्धतीत कॅमेरे एकमेकांना रेडिओवरून फोटो पुढे सरकवतात आणि सिम असलेला एकच कॅमेरा माथ्यावर बसून सगळ्यांचे फोटो पाठवतो. प्लॅनही एकच. मोठी जमीन, चार-सहा कॅमेरे असतील तरच त्याचा खटाटोप करावा.

बॅटरी

यात कार्डवाला सरळ पुढे आहे. फक्त फोटोवर ठेवलेला कार्डवाला एकदा सेल भरले की कित्येक महिने निघतो. सेल्युलर, वापरानुसार, दोन ते चार महिने. दर फोटो लगेच पाठवायचा असं सेटिंग ठेवलं तर त्याहून कमी. दिवसातून दोनदा गठ्ठ्याने पाठव असं सांगितलं तर बराच जास्त. दोन्हींत लिथियम एए सेलच घाला. अल्कलाइन सेल नोव्हेंबरच्या थंडीत मान टाकतात, आणि नेमका तोच महिना महत्त्वाचा. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, काही कॅमेरे त्यावर रात्रीचे दिवे नीट लावत नाहीत. सोलर पॅनल शेताच्या कडेला छान चालतं. पानांनी भरलेल्या रानात सप्टेंबरपर्यंत त्याला ऊनच मिळत नाही.

शिंगाची टोकं मोजायची असतील तर

जाहिरातीत सेल्युलर कॅमेराही मोठ्या रिझोल्यूशनचा असतो. पण फोनवर येतो तो दाबून लहान केलेला फोटो. मूळ फोटो आतल्या कार्डावर राहतो; मागवला तर येतो, बऱ्याच प्लॅनमध्ये वेगळे पैसे देऊन. व्हिडिओचंही तेच.

पेनसिल्व्हेनियात हे किरकोळ नाही. २००२ पासून इथे नर मारण्यासाठी शिंगांच्या टोकांची अट आहे. राज्याच्या बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्यासाठी निदान एका शिंगाला तीन टोकं लागतात, आणि पश्चिमेकडच्या काही भागांत कपाळालगतचं टोक त्यात धरत नाहीत. रात्रीच्या, धुरकट, लहान फोटोत ते छोटं टोक दिसत नाही.

आपल्याकडच्या व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. व्हाइटटेलला तशी कायमची खूण नाही. नर ओळखायचा तो शिंगांवरून, आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. म्हणजे ओळख पटवायला ऑगस्ट ते हिवाळा एवढाच वेळ. यासाठी कार्डावरचा मूळ फोटो, किंवा दहा सेकंदांचा व्हिडिओ, फोनवरच्या फोटोपेक्षा कितीतरी उपयोगी. अ‍ॅपमधली ‘नर-मादी-टर्की’ अशी आपोआप वर्गवारी मात्र कामाची आहे. वाऱ्याने हललेल्या फांदीचे शंभर फोटो डोळ्यांसमोरून जात नाहीत.

ताजी बातमी आणि तिचा मोह

सेल्युलरची खरी ताकद ताजेपणात आहे. जुलैत मखमली शिंगांचे (वाढत्या शिंगांवर मऊ कातडीचं आवरण असलेले) चार नर एकत्र चरताना दिसतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल उतरते, टोळकं फुटतं, आणि उन्हाळ्यातले लाडके नर भलतीकडेच निघून जातात. पुढे एकॉर्न पडायला लागले की शेतावरची गर्दी रानात सरकते. नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ ऐन भरात येतो. तेव्हा नर माद्यांमागे दिवसाउजेडी मैलभर भटकतो. हे बदल कार्डावरून तीन आठवड्यांनी कळून काय उपयोग? हंगामाच्या तोंडावर सेल्युलर इथे निर्विवाद उजवा.

मात्र सकाळी साडेसातला ‘नर आला’ असा फोटो आला म्हणून साडेआठला त्या मचाणावर धावत जाऊ नये. तो निघून गेलेला असतो. फोटो म्हणजे हरीण होतं तिथली बातमी. येणार कुठून आणि कधी, ते वारा आणि वेळ जुळवून तुम्हालाच काढावं लागतं. आठ-दहा फोटोंवर वाऱ्याची दिशा लिहून ठेवली तर एका जिवंत फोटोपेक्षा जास्त कळतं.

शिवाय, तसं धावत जाणं चालतं का, हाही प्रश्न आहेच. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब जनावराला सुटायची खरी संधी असावी या तत्त्वावर उभा आहे. क्षणोक्षणी मिळणाऱ्या फोटोवरून तिथल्या तिथे माग काढून मारलेलं जनावर तो आपल्या विक्रमांत धरत नाही. काही राज्यं याहून पुढे गेली. ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच बंदी घातली, कार्डवालेसुद्धा. नेव्हाडात सार्वजनिक जमिनीवर साध्या कॅमेऱ्यांना १ ऑगस्टपासून आणि फोटो पाठवणाऱ्यांना १ जुलैपासून वर्षअखेरपर्यंत मनाई आहे. कॅन्ससने २०२३ मध्ये वन्यजीव खात्याच्या ताब्यातल्या सार्वजनिक जमिनींवरून ते हटवले. म्हणून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी बघा. पेनसिल्व्हेनियातही खासगी रानात मालकाची परवानगी लागतेच. २०२० पासून इथे झाडावरचा जांभळा पट्टा म्हणजेच ‘आत येऊ नये’.

(भारतातल्या वाचकांसाठी: तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही.)

मग घ्यावं काय?

रान दोन तासांपलीकडे, रेंज बरी: एक सेल्युलर घ्या, सगळ्यात आतल्या जागेसाठी. त्याच पैशांत सगळेच सेल्युलर घेण्यापेक्षा बाकीच्या वाटांवर दोन कार्डवाले लावा आणि हंगामाला जाल तेव्हा त्यांची कार्डं काढा. रान जवळ: कार्डवाले, तेही दोन, एकावर शेताची कड, एकावर ओढ्याची ओलांडणी. रेंज नाही: कार्डवाला, विषय संपला. चोरीची भीती असलेली सार्वजनिक जागा: इथे माझं मन सेल्युलरकडे थोडं झुकतं, कारण कॅमेरा गेला तरी तोवरचे फोटो हातात राहतात, आणि कधीकधी नेणाऱ्याचा चेहराही. पण कार्डवाला गेला तर नुकसान कमी, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. जाड केबलचं कुलूप दोघांनाही लावा आणि रात्री लाल ठिपका न दिसणारा, ९४० नॅनोमीटरच्या दिव्यांचा प्रकार निवडा. त्याचा पल्ला जरा कमी असतो, पण माणसाच्या नजरेत येत नाही.

सेल्युलर घेतलात तर तो थेट रानात नेऊ नका. घरीच अ‍ॅपला जोडा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, सॉफ्टवेअर अपडेट उरकून घ्या आणि आठवडाभर मागच्या अंगणात लावून ठेवा. खारी, शेजाऱ्याचं मांजर, कुरियरवाला, सगळ्यांचे फोटो वेळेवर येतायत असं दिसलं की मगच अडीचशे मैलांवर न्या.