बागेतले १२ व्होल्टचे दिवे: नुसता बल्ब बदलावा की अख्खं फिटिंग?

हॅलोजनच्या जुन्या बागेत एलईडी आणायचं ठरलं की दोन वाटा असतात. फिटिंग तेच ठेवून आतला एमआर-१६ (दोन पिनांचा, वाटीसारखा छोटा) बल्ब तेवढा एलईडीचा घालायचा, नाहीतर एलईडी आतच पक्का बसवलेलं सीलबंद फिटिंग आणायचं. आमच्या कोकणातल्या घरी दोन्ही आहेत: फाटकापासून ओटीपर्यंत जुन्या पितळी फिटिंगमध्ये नवे बल्ब, आणि मागे माडांखाली सीलबंद.

उजेडात सीलबंद सरस, यात वाद नाही. झोत नेमका पडतो, खोडावर वरपर्यंत चढतो. उष्णता बाहेर टाकायला त्याचं अंगच तसं घडवलेलं असतं. बल्ब मात्र जुन्या डब्यात कोंडला जातो, त्यामुळे खोक्यावर छापलेलं आयुष्य मिळेलच असं नाही.

बल्बवाल्यांची खरी अडचण घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर बहुतेकदा '२० ते ६० वॅट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ५० वॅटच्या हॅलोजनला ते ठीक होतं. त्या जागी ५ वॅटचा एलईडी लावला की किमान भारच पुरा होत नाही आणि दिवा लुकलुकतो. लोक बल्बला नावं ठेवतात, पण दोष बहुधा तिथे नसतो. तारेच्या वेढ्यांचा जुना, जड ट्रान्सफॉर्मर असेल तर हा त्रास सहसा होत नाही. वॅट उतरल्याचा फायदा केबललाही होतो. दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) तारेवर २० मीटर लांब ५० वॅटचा एकच दिवा असला तरी जवळपास दोन व्होल्ट वाटेतच जातात. एलईडीत ही घट नावापुरती उरते.

इथवर पारडं सीलबंदकडेच झुकतं. माझ्यापुरतं ते फिरवलं मातीतल्या जॉइंटनं.

सीलबंद फिटिंगमधून हातभर केबल बाहेर आलेली असते आणि ती मुख्य केबलला जमिनीत जोडावी लागते. दिवा गेला की दुरुस्ती नाही. अख्खं फिटिंग काढायचं, म्हणजे जॉइंट तोडायचा. आणि दिवे बरेचदा जातात तेही पावसाळ्यात, जांभ्याच्या मातीचा राडा झालेला असताना. टेप सोडवली की आतलं तांबं हिरवं पडलेलं दिसतं. इन्सुलेशन थोडं मागे सोललं तर पुढची तार काळी. पाणी तारांच्या बारीक केसांमधून आत आत चढत जातं, आणि काळ्या तारेवर नवा जॉइंट टिकत नाही. म्हणून लखलखीत तांबं लागेपर्यंत तार कापत जायचं. मग केबल आखूड पडते, मध्ये तुकडा घालावा लागतो, आणि एका जॉइंटच्या जागी दोन होतात. पुढच्या पावसात पाणी शिरायला तेवढीच जास्त जागा.

बल्बवाल्या फिटिंगला फावडं लागत नाही. कडं फिरवून काच काढायची, बल्ब ओढायचा, होल्डरच्या पिना बारीक पॉलिश पेपरनं पुसायच्या, नवा बल्ब दाबायचा. जमिनीतला जॉइंट जिथल्या तिथे राहतो. जपायचं ते काचेखालचं रबर. ते कडक झालं की काचेवर आतून धुकं धरतं. मी मे महिन्यात सगळ्यांची रबरं पाहून घेतो आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवतो. सीलंट भरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं.

याचा अर्थ सीलबंद घेऊच नये असा नाही. तळ्यात, किंवा फरशीत गाडून बसवायच्या दिव्यांना तेच योग्य. बाग नव्यानं करत असाल तर जॉइंट जमिनीवर, खांबाच्या पेटीत आणता येतो. मग माझी तक्रार बरीचशी उरत नाही. पण फिटिंग पितळी असेल, काच शाबूत असेल, तर मी आधी ट्रान्सफॉर्मर बदलून बल्बच घालून पाहीन.

सीलबंदच घेणार असाल, तर एकाच खेपेतली दोनेक जास्तीची घेऊन ठेवा; पुढे तेच मॉडेल मिळत नाही आणि ओळीतला एक दिवा वेगळ्या पिवळ्याचा दिसतो. आणि प्रत्येक दिव्यापाशी केबलचा एक वेढा जास्तीचा पुरा, तार कापावी लागली तर कामाला येतो.