आर्केड कॅबिनेटसाठी पडदा: पिक्चर ट्यूब की एलसीडी?

आर्केड कॅबिनेट म्हणजे व्हिडिओ गेमची उभी पेटी. तिच्यावर चित्र तिरकं फाटतंय, थांबायचं नावच घेत नाही? मग आत पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर असणार. बहुतेक जुने आर्केड मॉनिटर आडव्या रेषा सुमारे १५.७ किलोहर्ट्झने काढतात, तर कॉम्प्युटरचा साधा व्हीजीए सिग्नल ३१.५ चा असतो. म्हणजे मॉनिटर बिघडलेला नसतो, त्याला झेपेल असा सिग्नलच मिळत नाही. आधी कॉम्प्युटरचं आउटपुट १५ किलोहर्ट्झवर आणा, मगच मॉनिटरवरचा होल्डचा, म्हणजे चित्र स्थिर धरणारा, स्क्रू फिरवा. आणि मागचं झाकण उघडताना खरंच जपा: ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो.

एलसीडीवर ही भीती नाही, दुखणं वेगळं. २२४ ओळींचा गेम १०८० ओळींवर ताणला की प्रमाण येतं ४.८२. काही ओळी जाड, काही बारीक, आणि पार्श्वभूमी सरकताना चित्र लवलवतं. नेमकं चौपट, म्हणजे ८९६ ओळी ठेवा; वरखाली काळी पट्टी राहिली तर राहू द्या. बटण उशिरा लागतंय असं वाटलं तर एलसीडीच्या सेटिंगमधला गेम मोड सुरू करा.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा गेम सुमारे ५४.७ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला तितक्या चित्रांनी चालतो, म्हणून ६० हर्ट्झच्या एलसीडीवर धक्के खातो. तिथे बदलत्या रिफ्रेश रेटचा, म्हणजे गेमप्रमाणे आपला वेग बदलणारा पॅनेल हवा. ट्यूब मात्र बहुधा हा वेग सहज पकडते, आणि तिची हालचाल मला आजही जास्त जिवंत वाटते. तरी पहिल्याच कॅबिनेटला मी एलसीडीच लावेन.