पुढचं हाऊसिंग बदललं, आतले दात जुनेच निघाले

माझ्या 1989 च्या टोयोटा पिकअपला पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा अखंड आस, बसवून देतो म्हणून सॅक्रामेंटोजवळच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 8,600 डॉलर घेतले. काम झालं, गाडी घरी आली, तीन आठवडे मी ती चालवलीसुद्धा. फसवणूक कळली ती जंगलातल्या रस्त्यावर. इथे कॅलिफोर्नियात आपली बरीच मुलं आता जुन्या टोयोटा, जुन्या जीपा घेऊन कामं करून घेतात. त्यातल्या एकाचे जरी पैसे वाचले तरी हे लिहिल्याचं सार्थक होईल.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगतो. टोयोटाच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला अमेरिकेत 1985 पर्यंत पुढेही मागच्यासारखंच अखंड हाऊसिंग, म्हणजे त्या आसाचं पोलादी कवच, होतं, खाली पाटे. 1986 पासून कंपनीने पुढची दोन्ही चाकं सुटी केली आणि पाट्यांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्या, दिल्या. हायवेला गाडी मऊ झाली, पण खडकाळ वाटेवर चाक पूर्वीसारखं खाली-वर जाईना. म्हणून 1986 नंतरची गाडी असणारे लोक जुन्या गाडीचं हाऊसिंग शोधतात, पुढचं सगळं कापून काढतात आणि ते बसवतात. शासीवर पाट्यांचे हँगर वेल्ड करायचे, स्टेअरिंग नव्याने जुळवायचं, ब्रेकचे पाइप बदलायचे. हे काम चुकलं तर माणूस जीवाला मुकतो.

माझं वेड त्याच्याही आधीचं. सांगली जिल्ह्यात आमच्या अण्णांचं छोटं गॅरेज होतं. साखर कारखान्याच्या, ठेकेदारांच्या महिंद्रा जीपा यायच्या, सगळ्या सॉलिड एक्सलवाल्या. पाटे उतरवायचे, यू-बोल्ट आवळायचे, हबमध्ये ग्रीस भरायचं, हे मी शाळेत असल्यापासून बघितलंय. फोल्समला नोकरी लागल्यावर, हाताशी चार पैसे आल्यावर मी ही पिकअप घेतली ती त्याच ओढीने. रुबिकॉन ट्रेल ही जीपवाल्यांची नावाजलेली खडकाळ वाट इथून फार लांब नाही. एकदा अण्णांना शेजारी बसवून तिथे जायचं, एवढंच मनात होतं.

आणि गॅरेजवाल्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. पहिल्या भेटीत मी त्याला वडिलांच्या गॅरेजबद्दल सांगितलं. त्यानंतर मी काहीही विचारलं की तो हसून म्हणायचा, "तू तर मेकॅनिकचा मुलगा, तुला वेगळं काय सांगायचं?" मला बरं वाटायचं आणि माझा प्रश्न तिथेच राहायचा. भोळ्या माणसाला गोडीगुलाबीने फसवतात हे आपल्याला ठाऊक असतं. जाणकाराला त्याच्या जाणकारीचं कौतुक करून गप्प करतात, हे मला ठाऊक नव्हतं.

ठरलं असं: 1985 च्या गाडीचं हाऊसिंग पूर्ण उघडून, नवे बेअरिंग, नवे सील आणि नवे बर्फील्ड जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारे सांधे, घालून देणार. मी 33 इंची टायर घेतले होते, त्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे 4.88 चे क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या 4.88 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा देणारे दातेरी गिअर. स्टेअरिंगचा बॉक्स, आर्म, पाटे, हँगर, मजुरी सगळं धरून 7,200 डॉलर. हे सगळं फोनवरच्या मेसेजमध्ये. कागद एकही नाही. 3,600 आगाऊ, तेही बँकेच्या अॅपवरून थेट त्याच्या खात्यात. कार्डाने देतो म्हटलं तर तीन टक्के जास्त पडतील म्हणाला. त्या तीन टक्क्यांच्या लोभाने माझ्या हातातलं सर्वात मोठं हत्यार गेलं. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशावर बँकेकडे लेखी हरकत घेता येते. आपणच आपल्या हाताने पाठवलेली रक्कम परत मिळवणं महाकठीण.

मधे 2,000 गेले. काम संपत आल्यावर, "शासीला आतून गंज निघाला, 1,400 वाढतील." मी म्हणालो, आधी दाखव. तर म्हणे वेल्डिंग होऊन रंगही मारून झालाय. मी वाद घातला तेव्हा त्याने आवाज न चढवता सांगितलं की पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, लियन लावीन, म्हणजे थकलेल्या बिलापोटी गाडी अडकवून पुढे विकायचा हक्क. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी उरलेले 1,600 आणि वरचे 1,400 असे 3,000 पाठवले आणि गाडी घेऊन आलो.

ती आली ती ऐटीत. हाऊसिंगला काळा चकचकीत रंग, नवे पाटे, उंच उभी. हायवेला थोडी भरकटायची, पण उंच गाडी म्हणजे एवढं चालायचंच असं मी समजून घेतलं. तीन आठवड्यांनी एल्डोराडोच्या जंगलात कच्च्या रस्त्याला लागलो, उतरून पुढचे हब लॉक केले, म्हणजे पुढची चाकं आसाला जोडली, आणि चारही चाकांना जोर मिळावा म्हणून लिव्हर फोर-हायला टाकला. शंभरेक फूट गेलो असेन. पुढची चाकं खडी उकरत पळायला बघत होती, मागची त्यांना ओढून धरत होती. स्टेअरिंग हातात थरथरत होतं, खालून टण्ण टण्ण आवाज. थांबून लिव्हर काढायला गेलो तर तो निघेना. गाडी थोडी मागे घेतली तेव्हा कुठे सुटला.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळ होती, चहा हातात. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दात मोजलंस का?"

कॅमेऱ्यातून बघत त्यांनी माझ्याकडून ते करून घेतलं. पद्धत साधी आहे, कुणालाही घराबाहेर करता येईल. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर, बाकी चाकांना ओंडके लावायचे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकावर खडूने रेघ, शाफ्टवर खडूने रेघ. चाक हाताने बरोबर 20 फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, म्हणून आतला क्राऊन निम्मेच, 10 फेरे फिरतो. माझे 49 ला थोडे कमी भरले, म्हणजे 4.88, बरोबर. मग पुढे. हब लॉक, इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-हायला, म्हणजे पुढचा शाफ्ट मोकळा. चाकाचे 20 फेरे. शाफ्टचे 41.

मी परत मोजले. बायको टॉर्च धरून उभी होती, तिने तिसऱ्यांदा मोजले. 41.

पुढे 4.10 चे जुनेच दात होते. मागचं चाक 100 फेरे मारतं तेवढ्यात पुढच्याला 119 मारायचे होते. रस्त्यावर कळायचं काही कारण नाही, कारण तिथे गाडी मागच्याच चाकांवर चालते. गिऱ्हाईकाला जाणवेल तेवढा भाग त्याने बदलला आणि जाणवणार नाही तो तसाच ठेवून पैसे दोन्हीचे घेतले. ही चूक नव्हती. मागचं हाऊसिंग भरताना ज्याच्या हातात 4.88 होते, त्याला पुढे काय आहे ते माहीत होतंच.

पुढच्या शनिवारी उजव्या बाजूचा नकल, म्हणजे आसाच्या टोकाचा चाक वळवणारा सांधा, उघडला. आत घट्ट काळं ग्रीस असायला हवं. तिथे तपकिरी, पातळ, कढीसारखं पाणी निघालं आणि गिअर ऑइलचा तो गंधकाचा वास. हाऊसिंगच्या तोंडचा सील गेला की आतलं ऑइल झिरपून ग्रीसमध्ये मिसळतं, त्याचा हा काला. म्हणजे सील बदललेला नाही, बर्फील्ड नवा नाही, नकल उघडलेलाच नाही. वरून पाण्याचा फवारा मारून रंग फासलेला. पण अण्णा गप्प झाले ते वेगळंच बघून. स्टेअरिंगचा आर्म नकलवर चार स्टडनी धरलेला असतो, प्रत्येकाखाली शंकूसारखा वॉशर. माझ्या दोन स्टडखाली वॉशरच नव्हते आणि त्यांचे नट बोटांनी फिरत होते. याच गाडीतून मी मुलीला पोहायच्या क्लासला नेत होतो, ताशी 60 मैलांनी.

"गाडी बंद कर," अण्णा म्हणाले. "आता कुठंबी न्यायची न्हाई."

यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते आधी करायला हवं होतं. कॅलिफोर्नियात मोटार दुरुस्ती करणाऱ्या धंद्याला राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदणी लागते. नाव टाकून ती ऑनलाइन बघता येते, दोन मिनिटं लागतात. काम सुरू करण्याआधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं आणि वाढीव खर्चाला तुमची आधी संमती लागते. काम सोपवतानाच सांगून ठेवलं तर काढलेले जुने भाग परत मागता येतात. हे वाचून मला आमचं गॅरेज आठवलं. तिथे गिऱ्हाईक न सांगता जुने ब्रेक लायनर पिशवीत घालून घरी न्यायचं. तो अविश्वास आहे असं कुणालाच वाटायचं नाही.

माझ्या गॅरेजवाल्याची नोंदणीच नव्हती. आणि ज्या धंद्याला नोंदणी सक्तीची असून ती नाही, त्याला कायद्याने लियनचा हक्कच मिळत नाही. ज्या धमकीला घाबरून मी 3,000 डॉलर भरले, तिच्यात काही जीवच नव्हता. आजही सगळ्यात जास्त चटका त्याचाच बसतो. त्याने दाखवलेले "आमच्या कामाचे" फोटोही शोधून बघितले, त्यातले दोन भलत्याच राज्यातल्या गॅरेजचे निघाले.

ब्युरोकडे तक्रार केली. दुसऱ्या, नोंदणी असलेल्या गॅरेजमध्ये गाडी टो करून नेली, पैसे देऊन लेखी तपासणी करून घेतली. पुढच्या हँगरचं वेल्डिंग गंजावरच केलेलं, तेही काढावं लागणार. नीट करायचा अंदाज 5,300 डॉलर. तेवढ्याचा स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावला. तिथे माणसाला 12,500 पर्यंत मागता येतात, 5,000 च्या वरच्या दाव्याला फी 75 डॉलर, आणि सुनावणीला वकील उभा करता येत नाही, ना तुम्हाला ना त्याला. भाषेची भीती वाटत होती. मी सगळे मेसेज छापून नेले, तारखेप्रमाणे लावून, आणि 20 फेऱ्यांचा व्हिडिओ. न्यायाधीशांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. गॅरेजवाला म्हणाला, गिऱ्हाईकाने नंतर दात बदलले असतील. तेव्हा ते कढीसारखं ग्रीस आणि स्टड यांचे फोटो कामाला आले, आणि दुसऱ्या गॅरेजची सही असलेला कागद.

निकाल 4,700 डॉलर आणि खर्च असा माझ्या बाजूने लागला. पण वसुली कोर्ट करून देत नाही, ती आपण करायची. आतापर्यंत 500 चे दोन हप्ते आलेत. तिसऱ्याची तारीख उलटून गेली आहे, खात्यावर टाच आणायचा अर्ज भरून ठेवलाय.

तुम्ही कुणाला असं काम देणार असाल तर नोंदणी आधी बघा. पैसे कार्डाने, टप्प्याटप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी बघून. रंग मारायच्या आधी वेल्डिंगचे फोटो मागा. हाऊसिंग गाडीखाली जाण्याआधी, नकल उघडा असताना तिथे जाऊन उभे राहा. हो म्हणायला जो कुरकुर करेल, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा. आणि गाडी ताब्यात घेताना हब लॉक करून, मोकळ्या मातीत, फोर व्हीलमध्ये चालवून बघा, मगच शेवटचा हप्ता द्या. मी तेवढं एक केलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

गाडी सध्या घरासमोर स्टँडवर आहे. शासीचं वेल्डिंग त्या दुसऱ्या गॅरेजने पुन्हा केलंय, बाकीचं मी शनिवार-रविवार करतो, अण्णा फोनवर असतात. गेल्या आठवड्यात पुढच्यासाठी क्राऊन-पिनियनचा नवा संच आला. खोक्यावर 4.88 लिहिलं होतं. तरी बसवायच्या आधी खडू घेतला, एका दातावर खूण केली आणि मोठ्याने मोजायला लागलो. क्राऊनचे 39, पिनियनचे 8. अण्णा म्हणाले, "आता बसव."