पाच फूट तीन इंचांचा शर्ट: लालबागच्या मास्तरांचं काम

लालबागला चिवडा गल्लीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्याला हे शिंप्याचं दुकान आहे. दोन मशीन, कटिंगचं एक मोठं टेबल, एक जड इस्त्री आणि भिंतीला टांगलेली मापांची वही. नाव आणि नंबर देत नाही, कारण मास्तरांनीच तसं बजावलंय: "लिहायचं ते लिही, पण पत्ता छापू नकोस. आहे तेवढं काम हाताला पुरतंय." त्या भागातल्या कुठल्याही व्यायामशाळेत विचारलंत तर दुकान सापडेल.

माझी उंची ५ फूट ३ इंच आणि मनगट ६ इंच. व्यायाम सुरू केला तेव्हा वजन होतं ५४ किलो, आता ६१ आहे. अशा अंगकाठीच्या पुरुषांसाठी कपड्यांवर फारसं कुणी मनापासून लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी रेडिमेडबद्दल. फॉर्मल शर्टावर ३८, ३९, ४०, ४२ असे आकडे असतात, ते बहुतेक कंपन्यांमध्ये कॉलरचे सेंटीमीटर असतात. ३८ म्हणजे जवळपास १५ इंच. माझी मान १४ इंचांची. म्हणजे ज्या आकड्यापासून शोरूममधली रांग सुरू होते, तिथेच माझ्या मानेभोवती बोटं जातील एवढी जागा उरते. अंग सडपातळ होतं तोवर निदान सगळं सारखंच सैल असायचं. खरी अडचण अंग भरायला लागल्यावर आली. 'एस' घेतला तर खांदा बरोबर, पण छातीवरची बटणं ताणतात आणि दंडाला बाही रुतते. 'एम' घेतला तर छाती मोकळी, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि शर्ट मांडीपर्यंत येतो. मेहनतीने कमावलेला खांदा त्या उतरलेल्या शिवणीखाली दिसेनासा होतो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटायचं. लोक सांगतात, मुलांच्या विभागात बघ, तिथे मिळेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या शर्टात छाती आणि पाठ धरलेली नसते, तो सरळ कापलेला असतो. मोठ्या माणसाने तो घालू नये.

मास्तरांकडे मला आमच्या व्यायामशाळेतल्या सरांनी पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की लालबाग-परळच्या शिंप्यांना आखूड उंचीची आणि भरलेली शरीरं नवीन नाहीत. शरीरसौष्ठवात सगळ्यात खालचा गट ५५ किलोचा असतो. त्या गटातली पोरं माझ्याच उंचीची, पण पाठ पसरलेली, कंबर बारीक, मांड्या जाड. 'मुंबई श्री' या शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरणारी अशी मुलं या गल्ल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या तयार झाली. मास्तरांचे वडील गिरणी कामगारांचे कपडे शिवायचे आणि संध्याकाळी त्यातलेच काहीजण व्यायामशाळेत दिसायचे. छाती आणि कंबर यांच्यात आठ-नऊ इंचांचा फरक असलेला माणूस बघून मास्तर दचकत नाहीत. हा त्यांचा पहिला गुण.

माप घेण्याची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दुसरा शिंपी छाती, कंबर, खांदा, बाही लिहून मोकळा होतो. हे आधी सैल उभं राहायला सांगतात. मग दोन्ही हात छातीसमोर घ्यायला लावतात आणि पाठीचं माप पुन्हा घेतात. मग म्हणतात, "आता लोकलचं हँडल धर." हात वर गेला की मुंढ्याकडे, म्हणजे शर्टाला बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलाकडे बघतात. शेवटी स्टुलावर बसवून पोटाचा आणि सीटचा घेर घेतात. दोन्ही खांदे वेगवेगळे मोजतात. माझा उजवा खांदा थोडा खाली आहे हे मला त्यांच्याकडेच कळलं. त्या बाजूचा तीरा, म्हणजे खांद्यावरचा कापडाचा भाग, त्यांनी तेवढा उतरता कापला आणि कॉलर एका बाजूला सरकायची थांबली.

मुंढ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बारीक चणीच्या माणसाच्या शर्टाचं सगळं तिथे ठरतं. तयार शर्टात मुंढा खोल ठेवतात, कारण तो जास्तीत जास्त अंगांना चालतो. पण मुंढा खोल असला की बाहीचं मूळ काखेपासून बरंच खाली येतं, आणि हात वर केला की बाही अख्ख्या शर्टाला वर ओढते. सकाळच्या गर्दीत करी रोडहून गाडी धरा, हँडलला हात घाला, आणि खोचलेला शर्ट एका बाजूने बाहेर आलाच म्हणून समजा. मास्तर मुंढा काखेच्या जवळ, वर कापतात. ऐकायला हे घट्ट वाटतं, घातल्यावर उलट मोकळं वाटतं. हात वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. शिवाय काखेखालचं फुगलेलं कापड गेल्यामुळे छाती आणि कंबर वेगवेगळी दिसते. व्यायाम केलेल्या माणसाला अंगाला चिकटलेला शर्ट लागत नाही, एवढंच लागतं.

आणि मग बारीकसारीक गोष्टी. पहिल्या ट्रायलला मास्तरांनी छातीवर खिशाचा कागद ठेवला, मान हलवली आणि तो कापून लहान केला. नेहमीचा खिसा साडेपाच इंच रुंद होता, माझा साडेचार केला. कॉलरची टोकं थोडी आखूड केली, कफ अरुंद केला, बटणपट्टी पाव इंचाने बारीक केली आणि बटणांमधलं अंतर कमी केलं. मोठ्या माणसाचा शर्ट सगळीकडून आत घेतला म्हणजे लहान माणसाचा शर्ट होत नाही. खिसा, कॉलर, कफ मोठेच राहिले तर आतला माणूस अजून लहान दिसतो. आरशात बघितलं तेव्हा मी काही उंच झालो नव्हतो. मी माझ्या उंचीचा, नीट घडवलेला माणूस दिसत होतो. माझं मागणं तेवढंच होतं.

पँटचंही तसंच. स्क्वॉट मारून मांडी भरली की दोनच पर्याय उरतात: मांडीला बसणारी आणि कमरेला दोन मुठी सैल, किंवा कमरेला बसणारी आणि मांडीवर ताणलेली. मास्तर पँटची बैठक, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची, थोडी जास्त धरतात, म्हणजे पँट खऱ्या कमरेवर बसते आणि पाय लांब दिसतात. मांडीला मोकळीक देऊन गुडघ्यापासून खाली हळूहळू निमुळती करतात. मोहरी, म्हणजे पायाचा तळाचा घेर, मी १३ इंच ठेवतो. त्याहून बारीक केली तर मांड्या बोजड आणि पाय तोकडे वाटतात. लांबी बुटावर जेमतेम टेकेल एवढीच. बुटावर घड्या पडायला लागल्या की असलेली उंचीही जाते.

शरीराबद्दल लिहायला हवं, कारण नुसत्या शिंप्याने हे होत नाही. बारीक हाडाच्या माणसाला एक फायदा आहे, आणि तो लोक मोजत नाहीत: थोडं मांससुद्धा लगेच दिसतं. आमच्या व्यायामशाळेत खाशाबा जाधवांचा फोटो आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोच्या गटात, कांस्यपदक जिंकलं. त्याच वर्षी ४ फूट ११ इंचांच्या शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच यांनी मिस्टर युनिव्हर्समध्ये आपल्या उंचीचा गट जिंकला. सर नव्या मुलाला भरती करताना ही दोन नावं सांगतात, आणि ऐच १०४ वर्षं जगले हेही सांगतात. मलाही सांगितली होती. त्या दिवसापासून उंचीबद्दल माझी तक्रार नाही.

कपड्यांच्या दृष्टीने माझ्या अंगात सगळ्यात जास्त फरक पडला तो खांद्याची बाजू, वरची पाठ आणि छातीचा वरचा भाग वाढल्याने. डंबेल बाजूला उचलणं, पुल-अप, रोइंग, तिरक्या बाकावरचा प्रेस. दंडांवरच वेळ घालवणाऱ्या पोरांची बाही भरते, पण शर्ट खांद्यावरून पडतो तो पडतोच. वजन किंवा रेप्स हळूहळू वाढवत राहणं आणि पोटभर खाणं, यापलीकडे त्यात काही गुपित नाही. किलोमागे दीडेक ग्रॅम प्रथिनं हा माझा हिशोब, म्हणजे दिवसाला नव्वदच्या आसपास. अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम सुक्या सोया वड्यांत २५. त्यावर मटकीची उसळ, डाळ, दही आणि घरी मासे असतील त्या दिवशी मासे. लहान अंगाच्या माणसाची भूकही लहान असते, म्हणून मी ताटात एकदम वाढून घेण्याऐवजी एक जेवण वाढवलं.

इथे मास्तरांच्या वहीचा उपयोग झाला. वजनकाटा पाणीसुद्धा मोजतो. वहीत तारखेसमोर माप असतं. पहिल्या पानावर माझी छाती ३३, खांदा पावणेसोळा, कंबर २८. शेवटच्या पानावर छाती साडेछत्तीस, खांदा साडेसोळा, कंबर साडेअठ्ठावीस. कंबर जवळपास तिथेच आणि वरचा भाग वाढलेला, म्हणजे खाणं बरोबर चाललंय हे मला त्या वहीने सांगितलं. मास्तर नवीन माप लिहिताना जुन्यावर काट मारत नाहीत, खाली लिहितात. "वाढतोयस अजून," असं म्हणून बाजूच्या शिवणीत त्यांनी नेहमीपेक्षा जास्त माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली. पहिल्या वर्षी शिवलेले शर्ट त्यामुळे आजही अंगात येतात, फक्त एकदा उसवून सोडावे लागले. ज्याचं अंग अजून बदलतंय त्याने कुठल्याही शिंप्याकडे एवढी एक गोष्ट मागून घ्यावी: बाजूला, पाठीत आणि पँटच्या सीटला माया. खांद्यात मात्र ती सोय नसते. तिथे बाही काढून पुन्हा बसवावी लागते, म्हणून तयार कपडा घ्यायचाच असेल तर खांद्याला बसणारा घ्या आणि बाकीचं अल्टर करा.

कापड आपण न्यायचं. मी बहुतेक वेळा दादर पूर्वेच्या हिंदमाताला जातो, वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटला. मास्तर आधीच पन्ह्याप्रमाणे, म्हणजे कापडाच्या रुंदीप्रमाणे, किती मीटर लागेल ते चिठ्ठीवर लिहून देतात. दुकानदार सांगतो त्याहून ते कमीच असतं. सुती किंवा लिनन घ्या, आपल्या घामाला तेच चालतं, पण शिवायच्या आधी पाण्यातून काढा. सुती कापड आटतं, आणि आपल्या मापात अर्धा इंच म्हणजे खूप झाला. मोठे चौकडे टाळा. अरुंद छातीवर दोन-तीनच चौकोन मावतात आणि नजर ते मोजत बसते. साधा एकरंगी किंवा बारीक उभ्या रेघांचा कपडा आपल्याला शोभतो.

आता उणिवा. पहिल्या शर्टाच्या कॉलरला बकरम, म्हणजे आत घालतात ते ताठ कापड, फार कडक आलं होतं, मान वळवताना टोचायचं. सांगितल्यावर बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण आठवडा गेला. ट्रायलला आडोसा म्हणजे एक पडदा, तोही अर्धा. कोट ते शिवत नाहीत. टी-शर्टच्या होजिअरी कापडाला लागणारं मशीन त्यांच्याकडे नाही, त्यामुळे टी-शर्ट रेडिमेडच घ्यावे लागतात. त्यात खांद्याची शिवण आणि दंडाच्या मध्यावर संपणारी बाही, एवढं बघितलं तरी पुरे. तारीख दिली की त्यात चार दिवस मनातल्या मनात वाढवून ठेवा. घाई केलेली मास्तरांना आवडत नाही आणि ते तसं तोंडावर सांगतात.

शिलाई शर्टाला ६०० आणि पँटला ८०० घेतात. कापड धरून एक शर्ट मला साधारण १,३०० ते १,५०० ला पडतो. मॉलमधल्या बऱ्या शर्टाला त्याहून जास्त मोजून वर अल्टरचे पैसे दिलेत, त्यामुळे मला हे महाग वाटत नाही. हातात पैसे कमी असतील तर आधी एकच शर्ट शिवून घ्या, पांढरा किंवा फिका निळा, आणि तो महिनाभर घालून, धुऊन, लोकलने फिरून बघा. काय खटकतं ते लक्षात ठेवा आणि मास्तरांना सांगा. ते वहीत टिपून ठेवतात आणि पुढचा शर्ट त्याप्रमाणे कापतात. माझा तिसरा शर्ट पहिल्यापेक्षा बराच सरस आहे.

सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, संध्याकाळी सातनंतर निवांत माप देता येतं. गणपतीसाठी काही शिवायचं असेल तर श्रावण लागायच्या आत कापड टाका. त्यानंतर मास्तर नवीन काम घेत नाहीत, आणि गणपतीच्या त्या दिवसांत लालबागच्या गर्दीतून दुकानापर्यंत पोचताही येत नाही.